एकच पाहुणा आणि बोरान

ग्रोनिंगन, जानेवारी २०२१, शनिवार

आजचा चहा मला महागात पडला. कोरोनामुळे सध्या घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो. तो मान आमच्या बायकोने, मेधाने, खालच्या मजल्यावरच्या एमरेला दिला. तुर्की भाषांवर संशोधन करतो म्हणे! त्याने सांगितलं, तुर्कीत 'बोरान' म्हणजे वादळ. 'पिळणे' अशा अर्थाच्या जुन्या धातूतून आला असावा, नक्की त्यालाही माहीत नाही. तरी मेधाचा चहा निवला, पण ती हलेना. मी बाजारात उभा राहून पाच भाषा नुसत्या कानांनी कमावल्या, एकदा कानावर पडलेला शब्द सोडत नाही. माझं असं कधी ऐकलंय हिने?

तो गेल्यावर विचारलंच, "एवढं काय होतं त्या बोरानमध्ये?"

"अहो, त्याने विचारलं, तुमच्या गावी वावटळीला काय म्हणतात."

"मग?"

"सांगितलं की! तुम्ही शेजारीच तर होतात."

होतो खरा. बोरान पाठ झालाय. मेधाचा शब्द मी ऐकलाच नाही.