दारापासून सुरुवात

मी, द्वारकाबाई तातेराव बोंढारे, वय एकसष्ट, राहणार कळमनुरी, डोके ठिकाणावर असताना आणि कुणीही हाताला धरलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. पण आज मला इतका आनंद होतो आहे की मरणाचे कामही आजच उरकून टाकावेसे वाटते.

१. शिलाई मशीन भाची कोमल हिला. तिने त्यावर शिवावे, टीव्ही ठेवू नये.

२. एकवीस वर्षे मी आमच्या महिला संस्थेत बालवाड्यांची सुपरवायझर होते. आढावा बैठक माझ्याच घरी, बाजाराच्या दिवशी. मी खुर्चीत, गावातल्या कार्यकर्त्या समोर सतरंजीवर, तांड्यावरच्या चंदाबाई आणि बेबीबाई दाराशी, चपलांजवळ. विचारायला सुरुवात खुर्चीजवळून. दारापर्यंत पाळी येईतो त्या दोघी निघून गेलेल्या. तीन वर्षे मी त्यांच्या नावापुढे लाल शाईने लिहिले, 'बोलत नाहीत, उत्साह कमी.' तो लाल पेन माझ्याबरोबर जाळावा.

३. अठ्ठ्याण्णव साली चंदाबाई उठता उठता थांबली. म्हणाली, "बाई, तुमची पाळी दारापस्तोर येते तवा आमची तीनची जीप गेलेली ऱ्हाते. एक डाव दारापासून सुरू करून पाहा." मला राग आला. तरी केले. ती पाऊण तास बोलली. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला जातो, बालवाडीत लेकरूच नसते, आणि लेकरांच्या खाऊसाठी मी पाठवलेला चिवडा शेळ्या खातात, हे मला तेव्हा कळले. शेळ्या मात्र धष्टपुष्ट झाल्या होत्या. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना. तेव्हापासून ज्याला लांब जायचे, तो आधी बोलतो.

४. काल संस्थेने माझ्या जागी चंदाबाईला नेमले. आज मी आनंदात आहे ती यामुळेच. काळजी एवढीच, की मी गेल्यावर संस्थेची पंचमंडळी पुन्हा खुर्चीपासून सुरू करतील आणि चंदाबाईचे कुणी ऐकणार नाही. रीत मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकील म्हणतात. घर देता येते. म्हणून हे घर संस्थेला, या अटीवर की बैठक दारापासून सुरू होऊन तीनच्या आत संपेल. अट एकदा जरी मोडली, तर घर पुतण्या वैजनाथ याला.

५. हाच वैजनाथ म्हणाला होता, "तांड्यावरच्या बायांना काय कळतं, काकू?" ते मी विसरलेले नाही. माझी खुर्ची आणि भिंतीवरचे घड्याळ त्यालाच देते. घराची आशा असल्यामुळे तो प्रत्येक बैठकीला दाराशी खुर्ची टाकून घड्याळ बघत बसेल. चंदाबाईला याहून चांगला राखणदार मिळणार नाही. अधूनमधून त्याला चिवडा द्यावा.

हे सर्व वाचून, समजून, हसत सही केली.

द्वारकाबाई तातेराव बोंढारे
कळमनुरी, १३ मार्च २००६, दुपारी पावणेतीन

साक्षीदार:
१. बेबीबाई वसराम आडे (दाराशी बसली होती, म्हणून आधी. जीप मिळाली.)
२. रामप्रसाद, शेजारी (खुर्चीजवळ बसले होते, म्हणून थांबले.)