आम्हाला ‘इतर’ म्हटल्याबद्दल

ती. आत्यास,

लांबूनच वाकून नमस्कार. (हात सिमेंटचे आहेत, पण नमस्कार स्वच्छ आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला गेला का, की अजून तोच घर चालवतोय? मी ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलंय. आईला सांगायला गेलं की ती आधी “तूच काहीतरी केलं असशील” म्हणते. (या वेळी केलंय, पण ते पुढे येईल.)

तू विचारलं होतंस, तिकडे चर्चला जातोस ना? जातो. पण आत्या, हे आपल्यासारखं चर्च नाही. पन्नास वर्षांपूर्वी इथे यंत्रं दुरुस्त करायची शेड होती. कारखान्यात कामाला आलेल्या पहिल्या लोकांनी ती मागून घेतली, स्वतः भिंती घातल्या, घंटा टांगली. मग दुसरे आले, ते ढोल घेऊन. पहिले म्हणाले, देव काही बहिरा नाही. तिसरे आले ते आपली मारियामाताच उचलून घेऊन आले, मग दुसऱ्यांनी त्यांची आणली. अशा आज आत तीन मारियामाता आहेत आणि कोणी कोणापुढे मेणबत्ती लावली यावरून माणसं आठ-आठ दिवस बोलत नाहीत. रविवारी पाच भाषांत पाच वेळा उपासना, पाच मिस्सा. एकीचे लोक बाहेर पडतात तेव्हाच दुसरीचे आत घुसतात, आणि दारात “शांती असो, शांती असो” म्हणत एकमेकांचे पाय तुडवतात. स्वयंपाकघरात प्रत्येक भाषेचं वेगळं कपाट, त्याला वेगळं कुलूप. (देवावर सगळ्यांचा विश्वास आहे, चमच्यांच्या बाबतीत कुणाचाच कुणावर नाही.)

आम्हाला कपाट नाही. कारण आम्ही मराठी म्हणजे दोनच माणसं, मी आणि इस्पितळातली नर्सताई. ज्यांची डोकी दहाच्या आत, ते सगळे ‘इतर’. आम्ही सगळे इतर मागच्या बाकावर बसतो, एकमेकांची भाषा आम्हाला कळत नाही, म्हणून आमच्यात भांडणंही नाहीत.

आता पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांची मिळून एकच मोठी मिस्सा ठरली. त्यात प्रत्येक भाषेतून एक प्रार्थना मोठ्याने वाचायची, आणि प्रत्येकीनंतर सगळ्या चर्चने “प्रभो, आमचं ऐक” म्हणायचं. यादी केली सेक्रेटरीबाईंनी. या बाई म्हणजे निवृत्त मास्तरीण, अजूनही बोट वर केल्याशिवाय बोलू देत नाहीत. यादी फळ्यावर लागली. पाच भाषांची पाच नावं, आणि सर्वांत खाली: ‘इतर, मौन प्रार्थना.’

मौन! म्हणजे देवाने आमचं मनातल्या मनात ऐकायचं, बाकीच्यांचं माइकवरून! आणि आत्या, मी कोण? वेदीपुढची फुटकी फरशी गेले सहा शनिवार फुकट बसवून देणारा. फरशी बसवताना मी ‘आपला माणूस’ आणि प्रार्थना वाटताना ‘इतर’? हा कुठला न्याय? मी बोट वर न करताच बोललो. बाई म्हणाल्या, “प्रत्येकाला बोलू दिलं तर मिस्सा संध्याकाळपर्यंत चालेल.” मी म्हटलं, “चालू दे, देवाला कुठे बस पकडायची आहे?” नर्सताई माझी बाही ओढत होती, “अरे बस खाली, हिला चिडवू नकोस, मागच्या वर्षी नवरा गेलाय तिचा.” पण मी कुठला बसतोय!

मी करणी-थापी गुंडाळली. वेदीच्या बरोबर पुढच्या चार फरश्या ठेवल्या तशाच. खाली नुसती माती. तीन दिवस फादर त्या खड्ड्याला वळसा घालून वेदीवर चढले, चौथ्या दिवशी झग्यात पाय अडकला आणि मला निरोप आला, “मराठी एक प्रार्थना मंजूर.” मी तासाभरात चारी फरश्या बसवल्या. नर्सताईने हात वर केले, म्हणाली, “लढलास तू, वाच तूच.”

तो दिवस उजाडला. चर्च खच्चून भरलेलं. मी छाती काढून माइकपुढे गेलो, खिशात हात घातला, आणि कागद कामाच्या पँटमध्ये. पाचशे डोळे माझ्याकडे. तू लहानपणी मारून मुटकून शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना आठवायला गेलो, एक आठवेल तर शपथ. शेवटी तोंडातून आली ती एकच: जेवायला बसण्याआधीची! मी डोळे मिटून, गळा भरून, ती म्हणून टाकली. आणि आत्या, अख्खं चर्च एका सुरात म्हणालं, “प्रभो, आमचं ऐक.” मागच्या बाकावर नर्सताईचा रुमाल तोंडात.

मिस्सा झाल्यावर सेक्रेटरीबाई माझ्याकडे आल्या. आता तासणार म्हणून मी भिंतीला लागलो. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. म्हणाल्या, “शब्द कळले नाहीत, पण पोचलं. कोणासाठी होती?” काय सांगू? “अन्नासाठी” म्हणू? तोंडातून गेलं, “आपल्यातून गेलेल्यांसाठी.” त्या रडल्याच. पहिली भिंत घालणाऱ्यांत त्यांचा नवरा होता. आता चर्चच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय, आणि त्यात नवऱ्याच्या फोटोखाली ही माझी मराठी प्रार्थना छापायची, असं त्यांनी ठरवलंय. फादरनीही मान डोलावली. नर्सताई म्हणते, “भोग आता आपल्या कर्माची फळं.” ही काय मदत झाली?

आतोबांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा,
(अजूनही रागावलेला) भाचा

ता.क. म्हणून हे पत्र. गेलेल्यांसाठीची एक खरीखुरी प्रार्थना ठळक अक्षरात लगेच लिहून पाठव. साधारण तेवढ्याच लांबीची असू दे, कारण बाईंनी मी म्हटलेलं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. शेवटी ‘आमेन’ ठेव, निदान तेवढं जुळेल.

ता.क. दुसरा. थांब, पाकीट चिकटवायच्या आधीच बाई भेटल्या. म्हणाल्या, नवरा गेल्यापासून एकटीला ताटावर बसवत नव्हतं, आता रोज तुझं रेकॉर्डिंग लावते आणि चार घास जातात. तर वरचं रद्द. तू जेवणाआधीचीच प्रार्थना नीट लिहून पाठव. मधली ओळ मला आठवली नव्हती, तिथे मी नुसतंच पुटपुटलोय, आणि बाई नेमकी तीच जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकतात.