पाव पूर्ववत पांढरा करणार नसल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय वाहतूक अधिकारी,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बस आगाराच्या कँटीनमधील पाव, सूप व इतर पदार्थ पूर्वीप्रमाणे करण्यास नकार कळवण्याबाबत.

संदर्भ : आगारप्रमुखांची नोटीस. ती कँटीनच्या दारावर डिंकाने चिकटवलेली असून निघता निघत नाही.

महोदय,

अर्जदार ही आगाराच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण असून ड्रायव्हर, कंडक्टर आणि वर्कशॉपमधली मंडळी तिला काकू म्हणतात. आगारप्रमुखही म्हणायचे. नोटिशीत मात्र त्यांनी ‘सदर कर्मचारी’ असा उल्लेख केला आहे. तेव्हा हा अर्जही त्याच भाषेत लिहिला आहे, कमीजास्त वाटल्यास नाइलाज आहे.

१. मागील वैद्यकीय तपासणीत आगारातल्या काही ड्रायव्हरांना गाडीवरून खाली उतरवण्यात आले. कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर. त्यांत अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ होता. साखर डोळ्यांवर गेली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. भाऊ घरी आला, बूट न काढताच पलंगावर बसला आणि म्हणाला, “ताई, पाटी वाचता आली नाही गं मला.” रडला असता तर बरे झाले असते. तो रडला नाही, त्यामुळे अर्जदाराचा संताप आजतागायत उतरलेला नाही.

२. त्यानंतर अर्जदाराने आपल्याच भट्टीवर काय शिजते, ते परक्या नजरेने पाहिले. मैद्याचा पाव, तळलेले बटाटे, कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलेले सूप आणि साखर घालूनच उकळलेला चहा. दिवसभर एका सीटवर बसून राहणाऱ्या माणसाच्या पोटात दोन्ही वेळा हेच जात होते. अर्जदाराने कुणालाही न विचारता बदल सुरू केले. विचारले असते तर समिती नेमली गेली असती आणि समितीच्या बैठकीला तळलेले बटाटे मागवले गेले असते. पावात निम्मे जाडसर गव्हाचे पीठ व जवस घातले, सूपमध्ये लाल भोपळा व मसूर. कटलेटमध्ये बटाटा कमी करून बीट आणि उकडलेले वाटाणे वाढवले. चहातली साखर वेगळी ठेवली, ज्याला हवी त्याने घालून घ्यावी.

३. पहिला पाव फसला, हे मान्य आहे. पार वीट झाली होती. एका कंडक्टरने तो टेबलावर आपटून पाहिला तेव्हा टेबल हलले, पावाला काही झाले नाही. सगळ्यांत जास्त भडकला तो लांब पल्ल्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर, ज्याला सगळे पैलवान म्हणतात. तो ताट घेऊन थेट भट्टीपाशी आला. म्हणाला, “काकू, गाडीत पॅसेंजरचं ऐकतो, ऑफिसात साहेबांचं ऐकतो, घरी बायकोचं ऐकतो. ताटात तरी माझ्या मनासारखं असू द्या की! आणि सूपमध्ये काय लपवलंय ते सांगा आधी.” तेवढ्यावर न थांबता त्याने आगारप्रमुखांकडे लेखी तक्रारही दिली.

पैलवानाचे म्हणणे अर्जदाराला लागले, कारण ते खरे होते. मोठ्या माणसाच्या तोंडात त्याला न सांगता काही घालू नये. त्या दिवसापासून दारात फळा लावला. सूपमध्ये काय, पावात काय, सगळे खडूने लिहायचे. आठवड्यातून एकदा बटाटे तळायचे, तेही उघडपणे. जाड पीठ आधी भिजवून, त्यात दही घालून पाव मऊ केला. पैलवानाने तिसऱ्यांदा सूप मागितले त्या दिवशी अर्जदाराने वाटी काठोकाठ भरली.

४. पैलवान मग आगारप्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, मिटलं आमचं. तक्रार मागे घेतो.” साहेब म्हणाले, “तुमचं मिटलं असेल. तक्रार एकदा नोंदली की ती खात्याची होते.” अशा प्रकारे तक्रार करणारा तृप्त असताना चौकशी सुरू झाली. जवसाचे पोते जप्त होऊन स्पेअर पार्टच्या गोदामात ब्रेक लायनरशेजारी ठेवण्यात आले. त्यावरच्या चिठ्ठीत ‘बिया, तपकिरी, प्रयोजन संशयास्पद’ असे नमूद आहे. मंजूर पाव कसा असावा, याचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सूचना फलकावर टांगला. तो आता हिरवा झाला आहे. नमुन्याबरहुकूम पाव नेमका कोणत्या रंगाचा करावा, असा खुलासा अर्जदाराने मागितला होता. तो मिळालेला नाही.

५. चौकशीच्या वेळी आगारप्रमुख म्हणाले, “बाई, ड्रायव्हरला गाडी चालवता आली की झालं. तब्येतीचं खातं वेगळं आहे.”

अर्जदार म्हणाली, “ते खातं माणूस खाली उतरवल्यावर उघडतं, साहेब.”

“उद्धटपणा लिहून घ्या,” असे त्यांनी लेखनिकाला सांगितले. लेखनिकाने लिहून घेतला. ही नोंद अचूक असून ती वगळावी अशी अर्जदाराची विनंती नाही.

६. हे सगळे भावासाठी चालले आहे, असाही ठपका आहे. वस्तुस्थिती अशी की भावाची नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तो सध्या स्थानकावरच्या चौकशी खिडकीत बसतो आणि ज्या गाड्या चालवल्या त्यांची नावे माइकवरून पुकारतो. नोटीस आल्याचे कळल्यावर तो म्हणाला, “ताई, माझ्यापायी नोकरी घालवू नकोस.” अर्जदाराने त्याला सांगितले, “तुझ्यापायी नाहीच. बाकीचे अजून गाडीवर आहेत.”

७. काल आगारप्रमुखांनी बाहेरच्या बेकरीतून पांढरे पाव मागवले. टोपली टेबलावर आली. कुणी हात लावला नाही. अर्जदाराने कुणालाही तसे सांगितले नव्हते, हे येथे प्रतिज्ञापूर्वक नमूद करते. शेवटी पैलवान उठला, टोपली डोक्यावर घेतली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. येताना दार हळू लावून घेतले.

८. दिलेल्या मुदतीत पदार्थ पूर्ववत करा अथवा कँटीनची किल्ली जमा करा, असे नोटिशीत म्हटले आहे. अर्जदार यांतले काहीही करणार नाही. काढायचे असल्यास लेखी हुकूम द्यावा आणि ‘सूपमध्ये भोपळा घातल्यामुळे’ असे कारण त्यात स्वच्छ अक्षरांत लिहावे. ‘स्वेच्छेने काम सोडले’ अशा कागदावर अर्जदाराची सही मिळणार नाही.

उद्याच्या जेवणासाठी हरभरे भिजत घातले आहेत. भिजलेले हरभरे पुन्हा कोरडे करता येत नाहीत, हे आपल्या माहितीसाठी सादर.

आपली
(‘नम्र’ हा शब्द या खेपेस वगळला आहे),

सही
मुख्य स्वयंपाकीण, आगार कँटीन

दिनांक : मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत :
१. नोटिशीची नक्कल (मूळ प्रत दारावरून सुटत नाही)
२. तक्रार मागे घेतल्याबाबत पैलवानाचा कागद
३. आजचा पाव, फडक्यात गुंडाळलेला. फाईलला टाचू नये. आवक नोंद होईपर्यंत गार होईल, तरी आधी खावा.