आधी दुखरा पाय

४ फेब्रुवारी

खालचीच्या घरात आज आठवा दिवस! सहा वर्षं जिच्याशी अक्षर बोलले नाही, तिच्याच पुढच्या खोलीत मी आडवी. पडले तीही हिच्याच दारात, शेवटच्या पायरीवरून. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात हिनेच नेलं. ऑपरेशन झालं, पण तिसऱ्या मजल्यावर चढणार कशी? "माझी पुढची खोली रिकामीच आहे," एवढंच म्हणाली.

वर आमचे हे एकटे. हृदय अधू, जिन्याला डॉक्टरांची सक्त मनाई. आमच्या दोघांमध्ये चोपन्न पायऱ्या.

५ फेब्रुवारी

अंगाखालची चादर आज ओळखली. मधोमध निळा डाग – माझ्याच गाऊनचा! वरून त्याचं पाणी हिच्या पांढऱ्या चादरीवर ठिबकलं, तिथूनच तर आमचं वाजलं. ती तक्रार घेऊन आली आणि मी तिलाच नाही नाही ते बोलले.

चाळीस वर्षं धुलाईच्या दुकानात काढलेली बाई. "सगळे उपाय केले. नाही निघाला," शांतपणे म्हणाली. मला हसू आवरेना. मग तिलाही. पाय ठणकेपर्यंत हसलो.

११ फेब्रुवारी

रोज चारला हे गॅलरीतून दोरीने टोपली सोडतात. आज तीत वहिनीचं गजराचं घड्याळ, दुरुस्त करून (घड्याळांचं दुकान बंद केलं तरी हात स्वस्थ बसतील तर शपथ!), आणि चिठ्ठी – "मीठ कुठल्या डब्यात?" चौथ्यांदा!

वहिनी टोपलीत ह्यांच्या जेवणाचा डबा ठेवते, दोरी दोनदा ओढते, की टोपली वर. हो, वहिनी. "खालची" म्हणायला आता जीभ वळत नाही.

२० फेब्रुवारी

फिजिओथेरपीवाली मुलगी आली. नियम एकच, पाठच करा म्हणाली – चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. पाच पायऱ्या चढले!

"अप्स अँड डाउन्स तर असणारच, काकू," हे तिचं पालुपद. तिचे पाय धड आहेत, तिला काय जातंय म्हणायला!

२ मार्च

सोळा! वरून ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हुरळले आणि उतरताना चांगलाच पाय आधी टाकला. धपकन खाली. वहिनी पुढे होती म्हणून वाचले. तिचं मनगट मुरगळलं. "पाय कुठला ते बघ आधी, टाळ्या मग ऐक!" केवढ्यांदा ओरडली! इतकी वर्षं कुणी असं हक्काने ओरडलं नव्हतं.

ती आत गेल्यावर मात्र रडले. ह्या जन्मी वर जाणं होतंय की नाही, कुणास ठाऊक.

३ मार्च

पाय सुजलाय. टोपलीत चिठ्ठी – "यापुढे टाळ्या वाजवणार नाही."

२७ मार्च

चोपन्न!!

वहिनी एक पायरी मागे, शेवटपर्यंत. हे दारात उभे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "किती उशीर केलास," म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत बसले. स्वयंपाकघरात डब्यावर कागद चिकटवलाय – मीठ. देवा, आणखी काही नको मला.

वहिनी बसायला तयार नाही. "दूध ठेवून आलेय गॅसवर." थांबत थांबत उतरत होती, मी ऐकत होते. माझ्यापायी तिचीच दमछाक झाली.

१० एप्रिल

आता चार वाजता टोपली मी सोडते. वहिनीसाठी चहाचा थर्मास, दोन बिस्किटं. दोरी दोनदा ओढली गेली की समजायचं, पोचला.

आज तीनदा ओढली. मी डोकावले तर – "साखर कमी!"

१९ एप्रिल

काल दोरी हलली नाही. टोपली भरलेलीच वर घेतली. हाका मारल्या. उतरू नकोस, असं हेही म्हणाले नाहीत. चोपन्न पायऱ्या पहिल्यांदाच एकटी उतरले – आधी दुखरा पाय. दार नुसतं लोटलेलं. वहिनी खुर्चीत, समोर चहाचा रिकामा कप मांडून ठेवलेला. तासाभरापूर्वीच गेली असावी, डॉक्टर म्हणाले.

तिची भाची विचारत होती, आठवण म्हणून काय देऊ? निळ्या डागाची चादर मागून घेतली.