दादाच्या नावच्या दोनशे खाटा

२८ मार्च
टार्गेटला दोनशे खाटा कमी. हॉस्पिटलच्या खाटा म्हणजे काही भाजी नाही, की संध्याकाळी भाव उतरवला आणि खपली. पण मी सेल्समध्ये सतरा वर्षं उगाच नाही काढली. युक्ती सुचली आहे.

३१ मार्च, संध्या. ६
दादाच्या दुकानाच्या नावावर दोनशे खाटांचं बिल फाडलं. दुकानात सहा मावतात. तो म्हणाला, तू म्हणतोस ना, मग झालं. वहिनी मात्र कागद मागत बसल्या. सख्ख्या भावांत कागद कसला. शेवटी लेटरहेडवर लिहून दिलं: खपेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, उरलेल्या खाटा कंपनी परत घेईल. अकाउंट्सला हे कळवायची गरज नाही. साहेबांना माहीत आहे. ते हसले.
यात खोटं काही नाही. विक्री जरा लवकर लिहिली, एवढंच.

९ एप्रिल
बोनस. त्यातून दादाला काहीतरी घ्यायचं. नक्की.

२२ एप्रिल
ऑडिटर बाई गोदामात फिरल्या. विकलेल्या खाटांवर एवढी धूळ कशी, म्हणाल्या. त्या जेवायला गेल्यावर चार ट्रक बोलावून सगळ्या दादाकडे धाडल्या. दुकान, जिना, गच्ची, सगळं भरलं. एकीवर आई झोपते. पाठीला बरं वाटतं म्हणे. म्हणजे एक तरी खपली.

३ मे
बाईंनी सगळ्या डीलरना पत्रं पाठवली: एवढं देणं आहे ना, आणि वेगळा काही लेखी करार नाही ना? दादाला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. म्हणून त्याच्याकडचा कागद मागून आणला आणि फाडला. आता वेगळा करार नाही, हे खरंच झालं. त्याने सही केली. वहिनी बाहेर आल्याच नाहीत.

१९ जून
साहेब राजीनामा देऊन मोकळे. फोन केला, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. नव्या साहेबांना सगळं सांगणार. सोमवारी.

२४ जून, सोमवार
नाही सांगितलं. त्यांचा मूड नव्हता. उलट मलाच वसुलीचा प्रमुख केलं. एका परीने बरंच झालं, गोष्ट माझ्या हातात राहील. यादीत पहिलं नाव दादाचं.

८ जुलै
नोटीस गेली. पंधरा दिवसांत पैसे, नाहीतर कोर्ट. सही माझी. दादा समजून घेईल, नोकरी आहे.

२१ जुलै
दादा आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. दुकान विकलं तरी पैसे पुरत नाहीत. वकील म्हणतो, त्या कागदाचा कुठेही लेखी उल्लेख सापडला, तर दुकान वाचेल. दादाने विचारलं, तुला रोज लिहायची सवय होती, कुठे टिपून ठेवलंयस का?
फार लाज वाटली. पण माझं घर या नोकरीवर चालतं.
सांगितलं, ती सवय लग्नानंतर सुटली. त्याने लगेच विश्वास ठेवला.