हजार मीटरच्या वरचा 'तू'

स्टिलबाख, २५ जानेवारी

तीर्थरूप बुर्गाताईस,

धाकट्या क्विरिनचा टोपी काढून नमस्कार (टोपी लगेच परत घातली, कानाला वारा लागलाय). तुझा गुडघा कसा आहे? दाजींच्या माघारी एकटीच जिने चढतेस, जपून चढ. इकडे सगळं क्षेमकुशल आहे, म्हणजे आफ्राची कंबर, माझा डावा कान आणि लिफ्टची मोटर एवढं सोडून. आफ्रा तुला जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी पाठवणार होती, पण ती गुरुवारच्या गर्दीत फस्त झाली. होय, गर्दी. स्कीवाल्यांना डोंगर चढवणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या लिफ्टवर. चष्मा पुसून पुन्हा वाचलंस तरी तेच लिहिलेलं असेल.

पत्राला कारण तेच, बाबांचं कुरण. होखराइनच्या लिफ्टवाल्या गेबहार्डचे कागद तुलाही आले असतील. त्याला आपल्या कुरणात खांब रोवून त्याच्या उडत्या खुर्च्यांची दोरी पलीकडच्या डोंगरापर्यंत न्यायची आहे. खांब आले की बाबांची लिफ्ट गेली, हे सांगायला इंजिनियर नको. कुरण अर्धं तुझ्या नावावर, अर्धं माझ्या. सह्या दोघांच्या लागतात, आणि मेणबत्त्यांच्या सणापर्यंत, म्हणजे दोन फेब्रुवारीला, त्याला उत्तर हवंय. तू सही करू नकोस. खरं तर पत्र इथेच संपतं, पण इतक्यावर थांबलो तर तुला वाटेल, हा गेबहार्डवर जळतो म्हणून सांगतोय.

मी जळत नाही. हे मी आफ्रालाही दिवसातून दोनतीनदा सांगतो. आता त्याच्या खुर्चीवर आठ माणसं बसतात आणि आपल्या दोरीला लोंबणाऱ्या आकड्याला दोघं मागून टेकतात, हे साधं गणित झालं, त्यात जळण्यासारखं काय? त्याच्या खुर्च्या खालून गरम होतात. होऊ देत. (माणसाने इतकी वर्षं डोंगरात थंड बुडाने काढली आणि कुणाचं काही अडलं नाही. माझ्याकडे गिऱ्हाइकांना गरम करायला आफ्राचं सूप आहे, ते योग्य बाजूने आत जातं.) ओढ्याच्या पाण्याचा बर्फ करून उडवणाऱ्या त्याच्या तोफा आपल्या स्वयंपाकघरातून दिसतात. सकाळी त्यांच्या फवाऱ्यावर ऊन पडलं की आफ्रा पडदा सारते आणि म्हणते, किती छान दिसतं ना! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या बर्फाबद्दल हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. वर मागच्या वर्षी सरकारने त्याला 'वाणिज्य-सल्लागार' अशी पदवी दिली. चौथीपर्यंत माझ्या बाकावर बसून माझ्याच वहीतले पाढे उतरवणारा हा माणूस कुणाला कसला सल्ला देणार? त्या दिवसापासून मी त्याला 'आपण' म्हणतो. तो मला तसंच म्हणतो. चर्चच्या दारात भेटलो की दोन राजदूत भेटल्यासारखे बोलतो आणि घरी आल्यावर मला तासभर जेवण जात नाही.

पण खरं दुखणं गेबहार्ड नव्हे, डॉक्टरीणबाई. म्युनिकच्या हिल्डेगुंडबाई गं, एकतीस हिवाळे आपल्याकडे येणाऱ्या. बाबांच्या वेळचं शेवटचं गिऱ्हाईक. यंदा नाताळ झाला तरी त्यांचा पत्ता नाही. मला काळजी वाटली. मग एके दिवशी मी दुर्बिणीतून कोल्हा बघत होतो (कोल्हे हल्ली फार झालेत, दुपारी जेवणानंतर होखराइनच्या बाजूला असतात) तर गेबहार्डच्या गरम खुर्चीवर बाईंची लाल गोंड्याची टोपी! दुसऱ्या दिवशी परत. तीन आठवडे मी कोल्हा पाहिला, ताई, आणि रोज त्या टोपीला गोंडा होता. त्यांचा पाय मोडावा असं माझ्या मनातही आलं नाही. मुरगळावा, एवढंच आलं.

आणि मग गुरुवारी फ्योन सुटला. दक्षिणेचा गरम वारा सुटला की आपल्याकडे निम्मं गाव डोकं धरून बसतं आणि उरलेलं भांडतं, पण या गुरुवारचा वारा चर्चच्या शिखरावरच्या पत्र्याच्या कोंबड्याला गरगर फिरवत होता. होखराइनच्या खुर्च्या झोक्यासारख्या हलायला लागल्या आणि नऊ वाजता त्याची सगळी यंत्रं बंद. आपला आकडा माणसाला जमिनीवरूनच ओढतो, त्याला वारा काय करणार? दहा वाजता रांग गोठ्यापर्यंत, साडेदहाला चर्चपर्यंत. बाबा असते तर रडले असते. मी रडलो नाही, पण मोटरला दोनदा थोपटलं.

आता तुला काय सांगायचं, आकड्याला नुसतं टेकायचं असतं, बसायचं नसतं. बाळपणी आपल्याला चालण्याआधी हे शिकवलं. पण या लोकांना खुर्चीची सवय! आकडा मागून आला की ऐसपैस बसायचे, आकडा खाली लवायचा आणि दोघंही उताणे. मी ओरडतोय, "टेका! बसू नका!" आणि समोर माणसांचा सडा. मला हसू आलं नाही असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाई मात्र आल्या, टेकल्या आणि निघाल्या, एकतीस वर्षांची सवय. माझ्याकडे न बघता. त्यांच्या जोडीला एक डच गृहस्थ होते, आणि मी मागच्याच आकड्यावर फावडं घेऊन एकटा होतो (वाटेवरचे खड्डे बुजवायला, कान लावायला नव्हे, आणि कान लावायचाच तर माझा एकच चालतो).

उतारावर बाबांनी ठोकलेली पाटी अजून आहे: 'एक हजार मीटर. इथून वर सगळे तू.' पाटीपर्यंत दोघांचं बोलणं अगदी दिवाणखान्यातलं चाललं होतं. गृहस्थ म्हणाले, "आपण अनुभवी आहात, पण धंदाच झाला नाही तर या खोऱ्यातली शाळा टिकेल का, याचा आपण विचार करावा." बाई म्हणाल्या, "आपला मुद्दा आदरणीय आहे. मात्र त्या तोफा अख्खा ओढा पितात, हेही आपण पाहावं." एवढ्यात पाटी मागे पडली.

"मग तीन आठवडे त्याच बर्फावर कशाला घसरतेस, बाई?"

"आणि तू हजार किलोमीटर गाडी हाकत आलास, तो काय ओढा वाचवायला?"

"इथे काय आहे? ना गाणं, ना माणसं!"

"गाणं नको रे बाबा! तिथे दिवसभर ढमढम, डोंगर आहे की जत्रा तेच कळत नाही. इथे शांतता आहे."

"शांतता आहे, कारण कुणी कुत्रंही येत नाही!"

ताई, फावड्याने मी त्याचा आकडा सहज गाठला असता. पण बाई काय म्हणतात ते ऐकायचं होतं. बाई म्हणाल्या, "मला हेच आवडतं. माझ्या पाठीला तिथली गरम खुर्ची आवडते. वारा पडला की मी पाठीबरोबर जाणार." फ्योनमध्ये माणूस खोटं बोलत नाही. मी वर पोचलो आणि एकही खड्डा न बुजवता खाली आलो.

खाली रांगेत कोण उभं? वाणिज्य-सल्लागार! स्वतःची गिऱ्हाइकं बघायला आले होते, होखराइनचा निळा कोट, छातीवर सोनेरी हिमकण. जोडीला कुणी नव्हतं. आफ्राने (ती माझीच बायको आहे ना, असा मला अधूनमधून प्रश्न पडतो) माझ्या कॉलरला धरून मला त्याच्या शेजारी उभं केलं. मी म्हटलं, "आपण यावं." तो म्हणाला, "आपली कृपा." आकडा आला आणि ताई, तो बसला! स्टिलबाखमध्ये जन्मलेला, याच आकड्यावर वाढलेला माणूस, ऐसपैस बसला! दोघंही उताणे, त्याचा सोनेरी हिमकण माझ्या नाकात. रांगेने टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. दुसऱ्यांदा आकडा आला तेव्हा मी त्याच्या कानात म्हटलं, "टेकावं, बसू नये, आपण विसरलात." तो लालबुंद झाला आणि टेकला. पाटी मागे पडली. पुढे तो काहीबाही बोलला, मीही बोललो, त्यात तुला सांगण्यासारखं काही नाही.

तात्पर्य, ज्याला टेकणं आणि बसणं यातला फरक उरला नाही, त्याच्या हाती बाबांचं कुरण देऊ नये. कुरणाचं मी गेबहार्डला ठणकावून नाही सांगितलं. आता तूही सही करू नकोस, म्हणजे झालं. गुडघ्याला उबेत ठेव, आणि लिंत्सच्या सपाट रस्त्यांची फार सवय करून घेऊ नकोस.

तुझा,
क्विरिन

ता. क. आफ्राने पत्र वाचलं. ती म्हणते, वरचं 'ठणकावून नाही सांगितलं' हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येतं, आणि जे खरं आहे ते ताईंना लिहा. तर पाटी मागे पडल्यावर तो म्हणाला, "क्विर्या, बाबांसारखा अजून दर रविवारी मोटर पुसतोस का रे?" मी म्हटलं, "पुसतो." तो म्हणाला, "एकटा किती दिवस ओढशील? खांब दे. माझ्या खुर्चीवर तुझी जागा कायमची." आणि मी, ताई, मी विचारलं, "गरम कितपत होते रे?" एवढं विचारल्यावर काय राहिलं? 'आपण' असतं तर मी शंभर वेळा नाही म्हटलं असतं. 'तू'ला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी हो म्हणून बसलो. टेकलो नाही, बसलो.

ता. क. २. म्हणून खरी विनंती ही. माझा शब्द हजार मीटरच्या वर गेलाय, तो मला मागे घेता येत नाही. पण तुझं लिंत्स समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर आहे. तिथून नाही म्हणता येतं. मेणबत्त्यांच्या सणाआधी तू त्याला स्वतःच्या हाताने नाही कळव, म्हणजे बाबांची लिफ्ट राहील, माझा शब्दही राहील.

ता. क. ३. उतरताना त्याने विचारलं, "बुर्गी कशी आहे?" (बुर्गी म्हणाला. तुला बुर्गी म्हणणारा आता तोच एक उरलाय.) मी म्हटलं, मजेत आहे. तो बराच वेळ स्कीच्या काठ्याच झटकत राहिला. ताई, त्याला लिहिताना 'आपण' लिही. मायन्यापासून सहीपर्यंत 'आपण'. हातून एक जरी 'तू' गेला, तर कुरण गेलंच, आणि मला वाटतं, तूही गेलीस.