अव्वाचा नवस आणि अठ्ठावीस दाते

३ मार्च २००२, रविवार

टेकला! गायमुखाच्या पुढच्या वळणावर पाय टेकला. आधी सायकल थांबली, मग मी कलले आणि डावा पाय सरळ रस्त्यावर. पाय टेकला की संपलं.

नवस अव्वाचा. ‘माझी लेक सायकलवरनं तुझा डोंगर चढंल, भुईला पाय न लावता’ — असं ती जोतिबाला परस्पर बोलून बसली आणि मला मागाहून सांगितलं. बोलायचं आईनं, घाट चढायचा लेकीनं! कशासाठी बोलली ते सांगत नाही. ‘फेडल्याबिगर सांगू न्हाय.’ पण न कळायला काय झालं? जानेवारीत अप्पांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते सुखरूप घरी आले आणि त्याच आठवड्यात अव्वानं चप्पल सोडली. नवस फिटेपर्यंत अनवाणी.

ती वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं पुढं जाऊन वर कमानीपाशी उभी होती. मी सायकल हातात धरून चालत आलेली बघितली आणि पदरानं माझं तोंड पुसलं. तिच्या टाचा बघवत नाहीत. भेगांतून रक्त येतं. ऊन अजून तापायचंय, आणि चैत्रातल्या यात्रेत तर रस्त्यावर मुंगीला जागा नसते. त्याच्या आत हे झालंच पाहिजे.

५ मार्च

सापडलं! मी उगाच मांड्यांना दोष देत होते. दोष सायकलचा आहे! मिरजेच्या एका रेसरची जुनी सायकल ती, सपाट रस्त्यावर पळायला केलेली. मागचं सगळ्यात मोठं चक्र चोवीस दात्यांचं. चक्र मोठं तेवढा पाय हलका, वेग कमी. आणि वेग हवाय कुणाला? देवानं काही टाइम लावलेला नाही!

वारणानगरला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आदिती माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते. तिनं वजन कमी करायला जाड टायरची गियरची सायकल घेतली होती. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. डोंगरासाठीच केलेली ती! मागं दाते किती, विचारलं. संध्याकाळी तिचा फोन — ‘मामंजींनी चष्मा लावून मोजले. अठ्ठावीस. चक्र खुशाल काढून ने.’

अठ्ठावीस! मला जेवण गेलं नाही.

६ मार्च

धाकटा शशिधर म्हणतो, ‘आक्का, ही चीटिंग हाय. देवाला फसवतीस.’

मलाही दिवसभर तेच कुरतडत होतं. शेवटी अव्वालाच विचारलं. ती लसूण सोलत होती. ‘भुईला पाय न लावता, एवढंच बोललोय आपण. घाम किती गाळायचा ते बोललं न्हाय.’

निकाल लागला. वरचं कोर्ट नाही.

९ मार्च

आज उद्यमनगरला, शशिधरच्या लेथच्या शॉपवर. जुनं चक्र निघता निघेना! पायडल मारून मारून इतकी वर्षं तेच घट्ट होत आलेलं. शेवटी पाना वाइसमध्ये पकडला, चाक त्याच्यावर आडवं बसवलं आणि ट्रकच्या स्टेअरिंगसारखं आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. कट्! निघालं. शशिधर मागच्या मागं पत्र्यावर. मी आधी चाक बघितलं, मग त्याला. त्याचा राग अजून आहे.

आदितीचं चक्र बसवलं. काय दिसतंय! मागं भाकरीएवढं. माझं जुनं तिच्या सायकलला बसवलं — टॉवेलांना काय फरक पडतो.

शॉपमागच्या चढावर एक फेरी मारली. पाय लोण्यातून फिरल्यासारखे फिरतात. उद्या रविवार. झोप कुठली येणार!

१० मार्च

पुन्हा टेकला.

खालचा घाट मी गाणं म्हणत चढले — खरंच. गायमुख मागं पडलं, ते मेलं वळणही. दोन वळणं राहिलेली, तिथं उभं राहून जोर दिला आणि चेननं दाते सोडले. खाड्‌कन पायडल रिकामं फिरलं, मी हँडलवर, आणि दोन्ही पाय रस्त्यावर. दोन्ही!

चूक माझीच. जुनी चेन ताणून लांबलेली. तिच्या कड्या जुन्या झिजलेल्या चक्रावर बसायच्या, नव्या दात्यांत बसत नाहीत. चक्र बदललं तर चेनही बदलायची — एवढं साधं! आणि मी मुलांना केमिस्ट्री शिकवते.

वर अव्वा म्हणाली, ‘असू दे. देव कुठं पळून चाललाय?’ आणि तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून दुसऱ्यावर घासत उभी राहिली. मला रडू आलं.

११ मार्च

आदितीकडून चेनही आणली. तिचे मामंजी म्हणाले, ‘आता सीट तेवढी ऱ्हायली बघा. ती कवा न्हेताय?’

अव्वाचं मनातून जात नाही. जानेवारी तिला फार वाईट गेला. अप्पांचं ऑपरेशन होण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. इचलकरंजीच्या लोकांनीच मोडलं — साखरपुडा झाल्यावर म्हणे पत्रिका जुळत नाही! लग्नानंतर सायकल बंद, ही त्यांची अटसुद्धा मी मान्य केली होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे फक्त इथं लिहिते. पण अव्वा! सगळी मंगळवार पेठ गोळा होईल एवढी रडली. तेव्हापासून रोज मी तिला सांगते, दुसरं चांगलं स्थळ येईल, तू जिवाला लावून घेऊ नकोस. ती नुसती मान हलवते. माझ्यापायी आधीच एवढं सोसलंय तिनं. निदान हा नवस तरी फिटू दे.

१२ मार्च

महाशिवरात्र. उपास. साबुदाण्यावर पायडल मारून बघितलं — चेन उडत नाही! जोर देऊन, उभं राहून, सगळं करून बघितलं. उडत नाही!

१७ मार्च, रविवार

झालं! झालं! झालं!

अक्षर कसं येतंय देव जाणे.

या खेपेला अव्वा पुढं गेली नाही. वडापवाल्याला तिनं माझ्या मागं हळूहळू जीप चालवायला लावली, आत बसलेले सगळे बिनभाड्याचे प्रेक्षक. अठ्ठावीसवर टाकलं आणि गोगलगाय झाले. एक म्हातारे चालत माझ्या बरोबरीनं आले, ‘चांगभलं’ म्हणाले आणि पुढं निघून गेले! जाऊ देत.

गेल्या खेपेची जागा आली. उभी राहिले, जोर दिला. चेन धरून राहिली.

शेवटच्या वळणावर बघते तर वऱ्हाडाचा टेम्पो रस्त्यात आडवा, मागं-पुढं करतोय. थांबायला जागा नाही, थांबायची सोय नाही. मी रस्त्यावरच नागमोडी सुरू केली — या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा या कडेला. चोवीसवर कधीच पडले असते. टेम्पोतला एकजण उतरून म्हणतो, ‘पावणं, ढकलू काय?’ मागून जीपमधून अव्वा — ‘हात लावशील तर बघ!’ तो घाबरून परत टेम्पोत बसला. टेम्पो सरळ झाला, मी फटीतून निघाले.

कमान आली आणि लक्षात आलं, उतरायचं कुठं हे ठरवलंच नाही! देवळापर्यंत पायऱ्या. मी कमानीखाली गोल गोल फिरतेय, अव्वा जीपमधून उतरून अनवाणी धावत आली, हँडल धरलं आणि म्हणाली, ‘उतर. देवाला पावलं.’

उतरले. अव्वानं माझ्या तोंडाला गुलाल फासला आणि तिथंच दुकानातून नवी चप्पल घेतली. मी गर्दीत मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही.

१८ मार्च

सकाळी विचारलं, ‘आता तरी सांग. अप्पांच्या ऑपरेशनसाठीच ना?’

अव्वा भाकरी थापत होती. ‘त्यास्नी डाक्टर हुता की. साखरपुड्याच्या रात्री तू सायकल पुसून वर चादर टाकलीस, तवाच देवाला म्हटलं, हे लगीन मोड.’

‘मग एवढी रडलीस कशाला?’

‘न रडून चालतंय व्हय? भावकी बघत हुती.’

आणि मी दोन महिने तिची समजूत काढत होते.